ॲडमिट करताना ‘रात्री सिस्टर किती असतात?’ हे कुणी विचारलंय का कधी?

रात्रपाळी | १२ मे, रात्री १०:५२

आज नर्सेस डे झाला. गुलाबाचं फूल, केकचा तुकडा, हातात मेणबत्ती धरून शपथ, आणि एक स्टीलचा डबा. डबा चांगला आहे, तक्रार नाही.

चोवीस वर्षं झाली या कामाला. आधी सहा वर्षं खाजगीत, मग सरकारी. दोन्हीकडचं पाणी प्यालेय. गेल्या आठवड्यात गल्लीतल्या एका काकांना ॲडमिट करायचं होतं, तर त्यांच्या मुलानं मला फोन लावला. डॉक्टर कोण चांगला, कॅशलेस होतंय का, एसी रूम आहे का, गाडी लावायला जागा, नातेवाइकाला कॉट मिळते का, कँटीनचा चहा कसा आहे. सगळं विचारलं. रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात, हे नाही. आणि खरं सांगते, चोवीस वर्षांत एकाही नातेवाइकानं हे विचारलेलं मला आठवत नाही.

आता आमच्या एका रात्रीचा हिशोब मांडते. मेडिसिन वॉर्ड, ३६ पेशंट, सिस्टर दोन. म्हणजे माझ्या वाट्याला १८. रात्री ८ ते सकाळी ८. ओव्हर घ्यायला, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट समजून घ्यायला, अर्धा तास. टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब) माणशी चार मिनिटं, झाले ७२. अँटिबायोटिक इंजेक्शन बारा जणांना; व्हायल फोडा, विरघळवा, हळू सोडा, इंट्राकॅथ (शिरेतली नळी) लावलेली जागा सुजलीय का बघा. घ्या पाच मिनिटं, झाला एक तास. पॅरालिसिसचे दोन पेशंट, दर दोन तासांनी कूस बदलायची, एकटीला जमत नाही, मावशी किंवा दुसरी सिस्टर पाहिजे. दहा मिनिटं गुणिले दोन गुणिले सहा, झाले दोन तास. एक नवीन ॲडमिशन, पाऊण तास. एखादी डेथ झाली तर पुढचं सांगत नाही. आणि या सगळ्यावर फाईल लिहायची, नाहीतर केलेलं काम झालंच नाही असं धरतात.

सकाळी राउंडला साहेब विचारतात, “रात्री काही विशेष?” मी म्हणते, “नाही सर.” या ‘नाही सर’साठी दोघींचे पाय सुजलेले असतात.

तर प्रश्न एवढाच. हॉस्पिटल निवडताना तुम्ही काय काय बघता? आणि हे का विचारत नाही?

---

मिसळ_मास्तर | रात्री ११:०५

पहिला! ताई, डबा किती लिटरचा? 😄

मनापासून सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही. कँटीनचं मात्र विचारलं होतं.

---

बिंदूचौक | रात्री ११:३१

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजूही ऐका. गेल्या वर्षी आईला ठेवलं होतं एका खाजगी हॉस्पिटलात (नाव घेत नाही). सलाईन संपत आलं म्हणून काउंटरवर तीनदा गेलो. सिस्टर मोबाईलमध्ये. तिसऱ्या वेळी “येते म्हटलं ना!” असं अंगावर आली. नसेत हवा शिरली असती तर? तुम्ही संख्येचं बोलताय, आम्हाला आधी वागणुकीचं बोलायचंय.

---

रात्रपाळी | रात्री ११:५८

बिंदूचौक दादा, अंगावर यायला नको होतं. त्याला माफी नाही आणि मी वकिली करणार नाही. आमच्यातही कामचुकार आहेत. मोबाईलवर रील बघणाऱ्या आहेत, तशा डॉक्टरांच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकणाऱ्याही आहेत. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

हवेचं मात्र मनातून काढून टाका. खांबावर लटकवलेलं साधं सलाईन संपलं की पाणी नळीत मध्येच थांबतं, हवा आपोआप शिरेत जात नाही. फार तर रक्त उलटं चढतं आणि सुईत गोठतं, मग नवीन शीर शोधावी लागते. म्हणजे त्रास तुमच्या आईलाच, म्हणून धावायचं असतं.

---

वॉर्डातला_ब्रदर | १३ मे, सकाळी ८:४०

नाईट संपवून लिहायलोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

लोक मला ‘डॉक्टर’ म्हणतात, ‘कंपाउंडर’ म्हणतात, ‘मामा’ म्हणतात. ब्रदर कोणच म्हणत न्हाई. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालोय म्हटलं की घरच्या पाहुण्यांनी “मग डॉक्टर कधी होणार?” विचारलंय. पोरांना जागाबी कमी. एम्ससारख्या ठिकाणी २०१९ पासून ८० टक्के बायका, २० टक्के पुरुष असं ठरवलंय. अन् वॉर्डात शंभर किलोचा पेशंट उचलायचा झाला की सगळ्या सिस्टरना एकदम माझी आठवण!

ताईंचा हिशोब बरोबर हाय. फक्त एक राहिलं: रात्री दोन वाजता रक्तपेढीला कोण जाणार? वॉर्डबॉय मामा सुट्टीवर असला की मीच.

---

वीस_खाटा | सकाळी १०:१५

मी डॉक्टर, माझं वीस खाटांचं नर्सिंग होम आहे, शहरापासून जरा लांब. इथं शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो.

रात्री माझ्याकडे दोन असतात. एक जीएनएम, एक एएनएम (त्याहून छोटा कोर्स झालेली). एक लग्न ठरलं की जाते, दुसरी सरकारी जाहिरात निघाली की जाते, तिसरी आखाती देशात. शिकवून तयार करायला सहा महिने, जायला एक दिवस. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन, औषध, खाट, जेवण, नर्सिंग सगळं एकाच आकड्यात बसवायचं असतं. विमा कंपन्या दर वाढवत नाहीत. पेशंट म्हणतो बिल कमी करा. मग पगार कुठून वाढवू? आदर्श कागदावर ठीक आहेत.

---

आजऱ्याची_पोर | सकाळी १०:४८

डॉक्टरसाहेब, रागावू नका, पण बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी रोजची वेगळी ओळ असते की! माझी बहीण अशाच एका ठिकाणी होती. महिना बारा हजार, बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी ‘बघू’. तिच्या वॉर्डात रोज पंधरा बिलांवर ती ओळ छापली जायची. एकदा तिनं कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

---

मिसळ_मास्तर | सकाळी १०:५५

नर्सिंग चार्जेस म्हणजे मिसळीच्या बिलात ‘कट चार्जेस’ लावून कट मालकानं प्यायचा. 😂

---

रिटायर्ड_मेट्रन | दुपारी १:२०

जेवण करून निवांत लिहिते. चौतीस वर्षं नोकरी, अधिसेविका म्हणून निवृत्त.

काही आकडे समोर असू द्यावेत, नाहीतर चर्चा नुसती हळहळ होते. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डाला तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका आहे. आयसीयूत एकास एक. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के जादा. ‘रात्रपाळी’ बाईंचं एकास अठरा वाचा आणि शेजारी हे ठेवा.

पगाराचं म्हणाल तर २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीनं सुचवलं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० मिळावेत, आणि २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या बरोबरीनं पगार असावा. आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळे ते राज्यांकडे पाठवलं गेलं. शिफारस ती शिफारस. ‘वीस_खाटा’ डॉक्टर, तुमच्यासारख्यांसाठीच तो २०,००० चा आकडा होता, आणि तो दहा वर्षांपूर्वीचा आहे.

२०२३ मध्ये नवा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा झाला, १९४७ च्या जुन्याच्या जागी. शिक्षण, नोंदणी, कॉलेजांची तपासणी यावर त्यात भरपूर आहे. वॉर्डात माणसं किती, हा आकडा नाही.

---

वीस_खाटा | दुपारी १:४४

मॅडम, नमस्कार. तुमच्या हाताखाली मी इंटर्न असावा अशी शंका येतेय. २०,००० कुणाला देत नाही असं नाही, सीनियरला देतो. सगळ्यांना देत नाही, हे कबूल.

---

रिटायर्ड_मेट्रन | दुपारी १:५०

इंटर्न असाल तर तुमची सही अजूनही वाचता येत नसणार.

---

गगनबावडा_एक्सप्रेस | दुपारी २:३३

😂😂 डॉक्टर क्लीन बोल्ड.

अवांतर: कोल्हापुरातल्या सिस्टर “मी आलो, मी दिलो” म्हणतात आणि पुण्याहून बदलून आलेले डॉक्टर पहिला महिनाभर ब्रदरला शोधत फिरतात, हे खरं आहे का?

---

रात्रपाळी | दुपारी ३:१०

खरं आहे. “सर, मी इंजेक्शन दिलो” म्हटल्यावर एका साहेबांनी मागं वळून बघितलं होतं, कोण दिलं म्हणून. इथं लिहिताना मी जपून ‘दिले, आले’ लिहिते, वॉर्डात नाही.

---

बे_एरियातली_वैनी | दुपारी ४:०२

मूळची कसबा बावड्याची, नर्सिंग मिरजेला केलं, आता सोळा वर्षं कॅलिफोर्नियात बेडसाइडला. इथं कायद्यानंच आकडा ठरलाय. १९९९ ला कायदा झाला, २००४ पासून लागू. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचच्या वर पेशंट देता येत नाहीत, आयसीयूत दोनच्या वर नाही. आणि मी जेवायला गेले तरी माझे पाच दुसरीच्या पाचात ढकलायचे नाहीत, तेवढ्या वेळापुरती दुसरी नर्स लागते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पाचच? दिवसभर करायचं काय? दुसऱ्या आठवड्यात कळलं की पेशंटशी बोलायचंही असतं.

पण इथं सगळं सोन्याचं आहे असं कुणी समजू नये. हॉस्पिटलवाले तेव्हाही ‘परवडणार नाही’ हेच म्हणाले होते. वीस_खाटा भाऊजी, शब्द अगदी तेच.

मिरजेचं नाव निघालं म्हणून. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये तिथं हॉस्पिटल उभं राहिलं. आपल्या भागात पोरींना नर्सिंग शिकवायची वाट मिशननं पाडली. माझ्या आजीच्या वेळी ‘हे काम आपल्यातलं नव्हे’ म्हणणारेच आजारी पडल्यावर बैलगाडी करून मिरजेला जायचे.

---

शिरोळचा_ऊस | सायंकाळी ६:१५

२०१९ च्या महापुरात आमचे बाबा कोल्हापुरात ॲडमिट होते. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेलेलं. हायवे शिरोलीजवळ बंद. मी तिकडं, बाबा इकडं. फोनला चार्ज नाही.

वॉर्डातल्या सिस्टरची रिलीव्हर चिखलीची, ती येणार कुठनं? ही बाई मंगळवारी सकाळी आली ती शुक्रवारी घरी गेली. मधे नळाला पाणी नाही, टँकरच्या बादल्या. बाबा सांगतात, तिनं स्वतःच्या वाटणीचं पाणी बाजूला काढून त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “काका, मलाबी अंघोळ न्हाई, तुम्हालाबी न्हाई, फिट्टंफाट.” नाव विचारायचं राहून गेलं. बाबा गेले २०२२ ला, पण ही गोष्ट शेवटपर्यंत सांगत होते.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मीपण कधी विचारलं नाही.

---

केसपेपर | रात्री ९:२०

सगळं भावुक झालंय, जरा थंड पाणी ओततो. संख्या वाढवून काय होणार? कॉलेजं किती झालीत बघा. हजेरी कागदावर, पेशंट कागदावर. तीन वर्षं फी भरून बाहेर पडलेल्या मुलीला शीर सापडत नाही. काही छोट्या दवाखान्यांत तर बारावी पास मुलीला पांढरा ड्रेस घातला की ती सिस्टर. मोजताना तिलाही मोजणार का?

आणि संप! २०२२ ला मे महिन्यात ऑपरेशनं पुढं ढकलली गेली, त्याचं काय?

---

रात्रपाळी | रात्री ११:४०

केसपेपर, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून प्रश्न असा विचारायचा: “रात्री *नोंदणी असलेल्या* सिस्टर किती?” कौन्सिलची नोंदणी असते, तिला नंबर असतो.

संपाचं. त्या संपाचा मुख्य मुद्दा बाह्यस्रोतातून भरती नको हा होता. म्हणजे ठेकेदार पाठवेल ती मुलगी, अकरा महिने. कायम माणूस का पाहिजे, हे भाषणापेक्षा एका रात्रीवरून सांगते.

इन्सुलिनची सिरिंज बघितलीय का कधी नीट? लाल टोपीची असते ती ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी. नारिंगी टोपीची १०० ची. आपल्याकडच्या साध्या बाटल्या बहुतेक ४० च्या, म्हणून वॉर्डात लाल टोप्याच असतात. एका रात्री नातेवाइकानं बाहेरून बाटली आणली. तेवढीच उंची, तसंच रबरी झाकण. ऑर्डर २० युनिट. नवीन मुलगी, सलग तिसरी नाईट, तिनं लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं. मी पलीकडच्या कॉटवर बीपी घेत होते. का कोण जाणे, बाटली हातात घेऊन ट्यूबलाइटखाली धरली. १०० ची होती. २० च्या खुणेला अर्धा मिली होतं, म्हणजे ५० युनिट. तो माणूस रात्री साखर उतरून झोपेतच गेला असता आणि सकाळी सगळे म्हणाले असते, वय झालं होतं.

त्या मुलीला ओरडले नाही. तिला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि दाखवायला तिच्याबरोबर त्या आठवड्यात कुणी सीनियर नव्हती. तिचं अकरा महिन्यांचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपलं. तिच्या जागी आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी दोन टोप्या दाखवल्या. तिच्यानंतरच्या मुलीलाही.

---

वॉर्डातला_ब्रदर | १४ मे, सकाळी ९:०५

अंगावर काटा आला. आज ओव्हर देताना मी आमच्या ट्रॉलीतल्या टोप्या बघितल्या. एक नारिंगी सापडली, लाल्यांत मिसळलेली. बाजूला काढली.

---

बिंदूचौक | सकाळी ९:५०

ताई, हे माहीत नव्हतं. आईचं घरी इन्सुलिन मीच देतो. आता आत जाऊन बघून आलो. लाल आहे, बाटली ४० ची आहे. हुश्श.

---

केसपेपर | सकाळी १०:३०

ठीक आहे. संपाबद्दलचं माझं मत निम्मं मागं घेतो. निम्मं राहू दे.

---

रिटायर्ड_मेट्रन | दुपारी १२:१०

कूस बदलण्याचा हिशोब वर आला आहे म्हणून एक आठवण देते. मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. बेचाळीस वर्षं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दयामरणाच्या अर्जावर निकाल दिला, त्यात त्यांना एकही बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम) झालेला नाही याची नोंद आहे. इच्छामरणाच्या चर्चेत तो निकाल सगळे सांगतात, ही ओळ फार थोडे सांगतात. ती ओळ खरी करणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या असतील, ओव्हर तुटली नाही.

---

गगनबावडा_एक्सप्रेस | दुपारी १२:४४

मेट्रन मॅडम, यावर विनोद सुचत नाही.

---

वीस_खाटा | रात्री १०:२०

काल रात्री अकरा वाजता स्वतःच्याच हॉस्पिटलात न सांगता गेलो. सतरा पेशंट, एक सिस्टर. दुसरी ‘पाळीच्या त्रासानं लवकर गेली’. जी होती तिनं रात्रीचं जेवण केलं नव्हतं. डबा टेबलावर तसाच. मी बसून दोन तास बीपी घेतले, ती जेवली. माझे आकडे तिनं परत तपासले, ते वेगळं.

तिसरी सिस्टर नेमायची तर महिन्याचा हिशोब काय पडतो ते बघतोय. आश्वासन देत नाही.

---

कळंबा_रोड | १९ मे, सायंकाळी ५:१५

इतके दिवस नुसता वाचत होतो. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून धाग्याचा मूळ प्रश्न घेऊन प्रत्यक्ष दोन ठिकाणी गेलो.

पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “रात्री नोंदणी असलेल्या सिस्टर किती?” ती म्हणाली, “डीलक्स का सेमी?” परत विचारलं. तिनं मॅनेजरला बोलावलं. ते म्हणाले, “आमचा सगळा स्टाफ क्वालिफाइड आहे.” मी म्हटलं, ते बरोबर, पण किती? मग मला पाणी दिलं. आकडा नाही दिला.

दुसऱ्या ठिकाणी काउंटरवाल्यानं आत फोन केला आणि पाच मिनिटांनी पन्नाशीच्या एक बाई स्वतः बाहेर आल्या. “चोवीस खाटांना रात्री तीन, त्यातली एक शिकाऊ, तिला मी मोजत नाही. म्हणजे दोन.” एवढं सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे विचारायला तुम्हाला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, आमच्या एक ताई आहेत. त्यांनी चहा मागवला.

आकडा काही फार चांगला नाही, हे आता मलाही कळतंय. पण तिथंच ठेवणार आहे. परवा ॲडमिट.

---

मिसळ_मास्तर | सायंकाळी ५:२२

आणि कँटीन?

---

कळंबा_रोड | सायंकाळी ५:२५

पहिल्या ठिकाणचं चांगलं होतं. 😐

---

रात्रपाळी | सायंकाळी ७:१८

दोन म्हणजे एकास बारा. चांगला नाही, पण खरा आकडा सांगितला आणि शिकाऊ पोर मोजली नाही, हे बरं लक्षण.

खुब्याचं ऑपरेशन म्हणजे वडील काही दिवस उताणे राहणार. टाचा रोज बघत जा. सगळे कमरेकडे बघतात आणि जखम टाचेला होते. उशी टाचेखाली ठेवू नका, पोटरीखाली ठेवा, टाच हवेत राहिली पाहिजे. बोट घालून बघा, गादी आणि टाचेच्या मधून बोट सहज फिरलं पाहिजे. लाल डाग दिसला आणि दाबून सोडल्यावरही लालच राहिला तर लगेच सिस्टरला सांगा. तिसऱ्यांदा सांगावं लागलं तरी सांगा. बिंदूचौक दादांच्या वाट्याला आली तशी अंगावर आली, तर इथं लिहा.

आठला ओव्हर घ्यायचीय, पोळ्या व्हायच्यात. निघतो.

---

गगनबावडा_एक्सप्रेस | सायंकाळी ७:२१

‘निघतो’!! सापडल्या ताई.